जिथे रस्ता रुंद, तिथेच तो कच्चा : साक्रीच्या डोंगरातल्या बंद दगडखाणीवरचं एक प्रकरण

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, पिंपळनेरच्या पुढे डोंगर सुरू झाले की जागोजाग काळ्या दगडाच्या उभ्या भिंती दिसतात. साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या या भिंती म्हणजे डाइक. दख्खनच्या लाव्ह्याला भेगा पडल्या, त्यांतून खालचा तप्त रस वर चढला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, डाइक उभे राहिले. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात त्यांचं जाळंच आहे. दगड घट्ट असल्याने खडीला चांगला, म्हणून डाइकच्या आसपास दगडखाणी निघाल्या. लीज संपली की क्रशर उचलून नेतात, वजनकाट्याचा चौथरा मागे उरतो आणि डोंगरात चढत गेलेला रस्ता तसाच राहतो. ऑफ-रोडिंग, म्हणजे हौसेने आडवाटांवर गाड्या चालवणाऱ्यांना असे रस्ते खुणावतात. चढ मिळतो, वळणं मिळतात, रहदारी नसते आणि रस्ता आयता असतो.

तो आयता नसतो, हेच मला या प्रकरणातून दाखवायचं आहे. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका खाणीवरून उतरताना आमच्यातली एक थार दरीच्या बाजूला कलली. कुणाला खरचटलंही नाही. पण गाडी ज्या जागी कलली ती त्या पूर्ण उतारावरची सर्वात रुंद, सर्वात निर्धास्त वाटणारी जागा होती. तसं का झालं, हे समजून घेतलं तर खाणीचा कुठलाही जुना रस्ता वेगळ्या नजरेने पाहता येतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे गाड्यांची रीघ लागावी अशी गावाची इच्छा नाही, आमचीही नाही.

गाड्या, माणसं, परवानगी

चार गाड्या होत्या. पुढे जिप्सी. ती चालवणाऱ्या आमच्यातल्या ज्येष्ठांना सगळे अण्णा म्हणतात. मागे जिम्नी, मग तीन दारांची डिझेल थार आणि शेवटी विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढणारं मोटरवरचं यंत्र) लावलेली माझी फोर बाय फोर बोलेरो. थार चालवणारा धुळ्याचा तरुण सुट्टीवर गावी आला होता. त्याच्या डाव्या हाताला दाजी बसले होते, मागच्या सीटवर बहीण. टपावर कॅरिअर, त्यावर तंबू आणि पाण्याचे कॅन.

या भागातली बरीच गावं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात येतात. 1996 च्या या कायद्याने गौण खनिजाच्या बाबतीत ग्रामसभेच्या शिफारशीला वजन दिलं आहे, त्यामुळे खाण कोणाची, कधीपर्यंत चालली, कुणी थांबवली हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही जमीनमालकाला विचारलं, सरपंचांना भेटलो आणि वनरक्षकाला कळवलं, कारण रस्त्याचा वरचा तुकडा वनहद्दीला अगदी खेटून जातो. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. हद्दीचा दगड गवतात बुडालेला असला तरी कायदा बदलत नाही. म्हणून ठरलं होतं की आहे त्या चाकोरीबाहेर एकही चाक टाकायचं नाही आणि खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याकडे गाड्या न्यायच्या नाहीत. त्या पाण्याला उतार नसतो. काठापासून एक पाऊल पुढे थेट डोक्याच्या वर पाणी.

चढताना अडचण आली नाही. खाणीच्या तळावर जेवलो. उभ्या कड्यावर आग्या मोहोळं लटकली होती, त्यामुळे गाड्या लांब लावल्या, इंजिनं बंद ठेवली, चूल पेटवली नाही. बंद खाणींच्या कड्यांवर शृंगी घुबडंही घर करतात, तिथे आरडाओरडा करू नये. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. खडकात सुरुंगाची भोकं दिसली की त्यांत काठी, पहार काहीही घालू नका. फुटायचा राहिलेला बार वर्षानुवर्षं तसाच पडून असू शकतो.

रस्ता कसा केलेला होता

हे आम्हाला दुसऱ्या दिवशी गावातल्या नानांकडून नीट कळलं. ते याच खाणीवर कामाला होते. पण घटना समजायला हे आधी माहीत असलेलं बरं.

डोंगराच्या कुशीतून रस्ता काढायचा म्हणजे आतली बाजू खोदायची आणि खोदलेला माल बाहेरच्या बाजूला ढकलायचा. खोदलेली अर्धी बाजू म्हणजे मूळ डोंगर. ढकललेली अर्धी बाजू म्हणजे भराव. सरकारी घाटरस्त्यात हा भराव थराथराने टाकून, पाणी मारून, रोलरने दाबतात, खाली दगडी भिंत बांधतात. लहान खाणीच्या रस्त्यावर यातलं बहुतेक काही नसतं. रोज भरलेले डंपर जातात आणि तेच काय ते दाबतात. पावसाळ्यात खड्डा पडला की जेसीबी येऊन मुरूम ओढतो. रस्ता टिकतो तो या रोजच्या डागडुजीवर.

डंपर समोरासमोर आले तर एकाला बाजूला व्हावं लागतं, म्हणून ठरावीक अंतरावर क्रॉसिंगची जागा करतात. आतल्या बाजूला आणखी खडक फोडणं महाग पडतं, म्हणून ही रुंदी बाहेरच्या बाजूला वाढवली जाते. खाणीच्या माथ्यावरची काळी माती, मुरूम, सडका दगड हा सगळा नको असलेला माल तिथे ओतायचा, वरून जेसीबीने सपाट करायचा. दोन गाड्या मावतील एवढी जागा तयार होते. म्हणजे रस्ता जिथे अरुंद, तिथे तो बहुतांश मूळ खडकावर उभा असतो आणि जिथे ऐसपैस, तिथे बाहेरचा अर्धा-अधिक भाग टाकाऊ मालाचा ढीग असतो. चालकाला नेमकं उलट वाटतं. अरुंद जागी तो जीव मुठीत धरतो आणि क्रॉसिंगवर आला की सैल होतो.

खाण चालू असते तोवर आतल्या कडेच्या चरातून पाणी वाहतं आणि मोरीच्या सिमेंटच्या पाइपातून रस्त्याखालून पलीकडे जातं. खाण बंद झाली की एक-दोन पावसाळ्यांत कड्यावरचे दगड चरात पडतात, पाइप गाळाने बुजतो. मग पाणी रस्त्यावरून धावू लागतं. आधी चाकोरीतून नाळ कापतं आणि उताराच्या तळाशी, म्हणजे बहुधा क्रॉसिंगच्या सपाट जागेवर, साचतं. तिथून ते भरावात मुरतं. भरावात काळी माती असेल तर आणखी वाईट. ती भिजली की फुगते, वाळली की फाटते आणि पुढच्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ पोटात उतरतं. पाण्याबरोबर बारीक माल खालून निघून जातो, मोठे दगड एकमेकांवर टेकून राहतात आणि मध्ये पोकळी होते. वरून काहीच दिसत नाही. त्यात पावसाळ्यानंतर छातीएवढं गवत. आमच्या वाटेवर रोशा माजलेला होता. चाकाखाली आला की त्याचा वास गाडीत भरत होता.

दुपारचे सव्वातीन

उतरायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांनी लो रेंज (चाकं हळू पण जोराने फिरवणारी फोर बाय फोरची पट्टी), पहिला गिअर लावला होता. क्लचला पाय नाही, ब्रेक अगदी बेताने, इंजिनच्या रोधावर उतरायचं. टायरची हवा आम्ही 24 पीएसआयपर्यंत उतरवली होती. मऊ जमिनीवर याहून कमी चालते. पण खाणीतला फुटका दगड धारदार असतो, हवा फार कमी केली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि तीच कापली जाते. बाजूच्या कापाला पंक्चरची वात लागू पडत नाही.

डोंगर उजव्या हाताला, दरी डाव्या हाताला. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणजे दरीकडचं चाक त्याच्यापासून सर्वात लांब आणि नजरेआड. अशा उतारावर बाहेरची कड चालकाला कधीच दिसत नाही, त्याला ती अंदाजाने कळते.

खालून दुसऱ्या क्रॉसिंगच्या अलीकडे शेळ्या चारणारे एक बाबा उभे होते. अण्णांनी जिप्सी थांबवून रामराम केला. बाबा काठीने कडेकडे दाखवत म्हणाले, "भाऊ, तठे खाले पोकय शे. पावसामा पानी मधमा जास." म्हणजे तिथे खाली पोकळ आहे, पावसात पाणी आत जातं. अण्णांनी मान डोलावली, जिप्सी आतल्या बाजूला चिकटवून नेली आणि पुढच्या वळणावर थांबले. जिम्नीवाल्याने त्यांचा माग बघितला, तोही बराचसा आतूनच गेला, पण एक चाक क्रॉसिंगच्या मधोमध टेकलं. काही झालं नाही.

मग थार आली. क्रॉसिंगच्या तोंडाशी आतल्या बाजूला पाण्याने नाळ कापली होती, गुडघाभर खोल. जिप्सी आणि जिम्नी अंगाने लहान, त्या नाळ आणि मधला भाग यांच्यातून निघाल्या. थार रुंद. चालकाला समोर नाळ दिसत होती, डावीकडे मोकळी सपाट जागा दिसत होती. त्याने गाडी डावीकडे घेतली. पुढचं चाक गेलं, मागचं डावं चाक गेलं नाही. जमीन हळूच दबली, मग एकदम. चाक जवळजवळ आसापर्यंत खाली गेलं आणि गाडी दरीकडे कलून थांबली.

चालकाने त्या क्षणी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्याने ॲक्सिलरेटर दिला नाही. बहुतेक जण अशा वेळी निसटून जायचा प्रयत्न करतात. फिरणारं चाक पोकळीतला उरलेला माल उडवतं आणि गाडी आणखी बसते. त्याने ब्रेक दाबून धरला, लो रेंजमध्येच रिव्हर्स गिअर टाकला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला थांबण्याची खूण केली.

पहिली काही मिनिटं

मोबाइलच्या ॲपवर कल 25 अंशांच्या आसपास दिसत होता. गाडी किती कलली की उलटते याचं साधं गणित आहे. दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध घ्यायचं, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. येणारा आकडा म्हणजे उलटण्याच्या कोनाचा टॅन्जंट. समजा चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 75 सेंटिमीटर. मग भागाकार 1 येतो, म्हणजे कागदावर 45 अंशांपर्यंत गाडी उभी राहावी. प्रत्यक्षात खालच्या बाजूचे टायर दबतात, स्प्रिंगा बसतात, वरच्या बाजूच्या उचलतात, आतलं सामान सरकतं. टपावर तंबू आणि पाणी असेल तर गुरुत्वमध्य वर चढतो. म्हणून 30 च्या पुढे मी कुठल्याच गाडीवर भरवसा ठेवत नाही. आमच्या हातात फार थोडं उरलं होतं.

अडचण दारांची होती. तीन दारांच्या थारमध्ये मागच्या माणसाला चालकाशेजारची, म्हणजे डावीकडची सीट पुढे मुडपून बाहेर यावं लागतं. डावं दार दरीवर उघडत होतं. मागचं दार बसलेल्या कोपऱ्यावर. राहिलं चालकाचं दार. म्हणजे सगळ्यात आधी चालकानेच उतरायचं आणि तोच गाडीतलं डोंगराच्या बाजूचं एकमेव वजन होता.

मी आधी दाजींना सांगितलं की जागेवरून न उठता उजवीकडे झुका. ताईंना सांगितलं की उजव्या खिडकीला चिकटून बसा. तोवर अण्णा आणि जिम्नीवाला पळत वर आले होते. आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले. डोंगराच्या बाजूला अर्धा जमिनीत रुतलेला एक धोंडा होता. त्याला जिम्नीने पट्टा बांधून हलकी ओढ देऊन पाहिली, तो हलला नाही. मग रुंद पट्टा धोंड्याच्या बुडाशी गुंडाळून दुसरं टोक थारच्या उजव्या चासीला, दोन चाकांच्या मध्ये अडकवलं आणि ताणून घेतलं. टपावरचं कॅरिअर हाताशी होतं, उंचावर होतं, तिथे बांधावंसं वाटणं साहजिक आहे. पण कॅरिअरचे नट-बोल्ट सामानाच्या वजनासाठी असतात, दोन टनांच्या गाडीला धरण्यासाठी नाहीत.

पट्टा ताणल्यावर चालक उतरला आणि दारात उभं राहून त्याने ताईंना आणि मग दाजींना वर ओढून घेतलं. तिघंही डोंगराच्या बाजूने चालत वर गेले, गाडीच्या खालच्या बाजूला कोणीही गेलं नाही. त्या घळीत मोबाइलला रेंज नव्हती. जिम्नीतल्या एकाला 108 आणि 112 लावता येतील अशा ठिकाणी, वरच्या धारेवर पाठवलं. गरज पडली नाही, पण माणूस तिथे पोचलेला असणं वेगळं आणि गरज पडल्यावर निघणं वेगळं.

बाहेर काढणं

इथे घाई केली नाही याचं श्रेय अण्णांना. माझा हात विंचच्या रिमोटवर होता. ते म्हणाले, आधी खालून आधार, मग ओढ.

सामानाने भरलेली थार दोन टनांच्या घरात. उतार साधारण 8 ला 1 (आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली), म्हणजे नुसती उतारावरून वर खेचायला अडीचशे किलोंची ओढ. पण चाक आसापर्यंत रुतलं की गाडीच्या वजनाएवढी आणखी ओढ धरावी, असा रिकव्हरीतला, म्हणजे अडकलेली गाडी काढण्यातला ढोबळ आडाखा आहे. म्हणजे सव्वादोन टन. माझ्या विंचची ताकद 9,500 पौंड, म्हणजे सुमारे 4,300 किलो, आणि तीही ड्रमवर दोरीचा शेवटचा थर उरला असताना. ड्रम भरलेला असेल तर ती बरीच घटते. आकड्यांत जमत होतं. पण एवढ्या ताणाखाली चाक पोकळीच्या काठावर आपटलं असतं तर काठ पुन्हा फुटला असता.

म्हणून आधी टपावरचं सामान उतरवलं. मग नाळीच्या बाजूचे दगड गोळा केले. शेळ्यावाले बाबा गावातून दोघांना घेऊन आले होते, त्यातले एक नाना. आम्ही चाकाखाली दगड भरायला लागलो होतो, तेव्हा त्यांनी आम्हाला बाजूला केलं आणि स्वतः सोलिंग घालायला घेतलं. मोठे दगड उभे, निमुळती बाजू वर, एकमेकांना खेटून आणि मधल्या फटींत चिपा ठोकून. आडवे टाकलेले दगड वजनाखाली घसरतात, उभे लावलेले एकमेकांना आवळतात. त्यांचा पहारीचा हात बघण्यासारखा होता. पट्टा ताणलेला असतानाच आणि डोंगराच्या बाजूने हात घालूनच त्यांनी काम केलं. गाडीखाली कोणी शिरलं नाही. फळीवर बाटली जॅक ठेवून चाक बोटभर उचलायचं, दगड सारायचा, पुन्हा बोटभर. तासाहून जास्त वेळ गेला.

विंचची दोरी सरळ लावली नाही. ती बोलेरोतून थारच्या मागच्या हुकावर लावलेल्या पुलीतून फिरवून परत वर, डाइकच्या उघड्या खडकाला बांधली. याने दोन गोष्टी साधल्या. ओढ दोन दोऱ्यांत वाटली गेली आणि गाडी नुसती मागे न येता मागे-आत, डोंगराकडे आली. जवळच सागाची झाडं होती. त्यांना बांधलं नाही. एक तर वनहद्द, दुसरं म्हणजे मुरमाच्या पातळ थरातलं झाड कितपत धरेल याचा भरवसा नाही. खडकाची धार सिंथेटिक दोरी कापते, म्हणून गाडीतल्या पायपुसण्या मध्ये घातल्या. दोरीवर जाड जाकिटं टाकली, तुटली तर ती उडू नये म्हणून. बघ्यांना दोरीच्या लांबीहून दूर उभं केलं. माझ्या चाकांनाही दगड.

थारमध्ये कोणी बसायचं नाही असं ठरलं, गिअर न्यूट्रल, स्टिअरिंग सरळ. हँडब्रेक सोडायला चालक खिडकीतून वाकला आणि लगेच बाजूला झाला. विंच चार-चार बोटं ओढायचं, थांबायचं, धोंड्याचा पट्टा पुन्हा ताणून घ्यायचा. चाक सोलिंगवर चढलं तेव्हा चिपा कडाकडा वाजल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. दिवेलागणीला गाडी डोंगराच्या बाजूला उभी होती. मग नाळ दगडांनी भरली आणि उरलेल्या गाड्या नाळीवरून, आतली चाकं डोंगराला घासतील इतक्या जवळून खाली आणल्या.

हे का घडलं

चालकाची चूक असं म्हणून विषय मिटवता येईल, पण ते मला पटत नाही. त्याच्या जागी दहातले नऊ जण डावीकडेच गेले असते. दिसणारं संकट आत होतं, न दिसणारं बाहेर. ही दोन्ही एकाच पाण्याने केलेली होती. चर बुजला म्हणून नाळ पडली आणि तेच पाणी पुढे भरावात मुरून पोकळी झाली. म्हणजे नाळ हीच पोकळीची खूण होती. आतल्या बाजूला ताजी नाळ दिसली की बाहेरचा भराव पाणी प्यालेला आहे असंच धरून चालायचं. तिथे नाळ भरा, नाळीवर चाक घाला, पण बाहेर जाऊ नका. नाळीत गाडी अडकली तर डोंगराला टेकेल.

दुसरं कारण पुढच्या गाड्या. जिप्सी टनभर, जिम्नी सव्वा टनाच्या आत, थार दोन टन. हलकी गाडी गेली यावरून जड गाडी जाईल असं काहीच सिद्ध होत नाही. उलट पोकळीवरचं छत प्रत्येक गाडीने थोडं थोडं कमकुवत होत जातं. ताफ्यात शेवटच्या गाडीला वाट सर्वात तपासलेली मिळते असं आपल्याला वाटतं. खडकावर ते खरं आहे, भरावावर नाही.

तिसरं म्हणजे बाबांचं बोलणं. ते अण्णांनी ऐकलं, स्वतःपुरतं पाळलं, पण मागच्यांना कळवलं गेलं नाही. 446 मेगाहर्ट्‌झचे विनापरवाना वॉकीटॉकी दोन गाड्यांत होते, थारमध्ये नव्हता. अण्णांनी हे त्याच रात्री सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. आता प्रत्येक गाडीत संच नसेल तर ताफा निघत नाही. रस्त्यावर भेटलेल्या माणसाने सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत शेवटच्या गाडीपर्यंत जातं आणि शेवटची गाडी ते परत म्हणून दाखवते.

दुसऱ्या दिवशी पायी जाऊन पाहिलं तेव्हा खुणा किती उघड होत्या ते दिसलं. काठापासून दोन हात आत, काठाला समांतर, गवताखाली लांबच लांब भेग. कडेवरच्या घाणेरीची आणि बाभळीच्या रोपांची खोडं बुंध्याशी दरीकडे वाकून मग वर गेलेली, म्हणजे माती हळूहळू सरकत होती. आतल्या, कापलेल्या भागात मात्र झुडूप जवळजवळ नाहीच. कारण खडकाला मूळ धरत नाही, भरावाला धरतं. पहारीने ठोकलं तर आतला भाग खणखणीत, बाहेरचा भाग ढब्ब. या सगळ्याला पायी जाऊन फार तर पंधरा मिनिटं लागतात. चढताना आम्ही क्रॉसिंगपाशी उतरलो नव्हतो, कारण ती जागा अवघड वाटलीच नव्हती. अवघड जागी सगळेच उतरून बघतात. मी आता सांगतो की सोप्या जागी उतरा.

खाणकामाच्या नियमांत वाहतुकीच्या रस्त्याचा चढ सर्वसाधारणपणे 16 ला 1 याहून तीव्र नसावा आणि बाहेरच्या कडेला भक्कम बांध असावा, असं धरलेलं आहे. इथे 8 ला 1 उतार होता आणि बांध होता तो नुसत्या मातीचा, तोही पावसाने बसलेला. मोठ्या खाणीचा सोडलेला रस्ता आणि गावाबाहेरच्या खडीच्या खाणीचा सोडलेला रस्ता यांत हा फरक असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

सरपंचांना आम्ही फोटो दाखवले. क्रॉसिंगच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर आता मोठे धोंडे ओळीने टाकलेले आहेत, ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणि सरपणाला जाणाऱ्यांसाठीही. त्या कामाला आम्ही गेलो होतो, नानांनी ओळ आखून दिली. दिवाळीनंतर गवत वाळलं की तिथे डिझेल गाड्या न्यायच्या नाहीत, हेही ठरलं. बीएस-6 डिझेलचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा सायलेन्सर भयंकर तापतो आणि वाळल्या रोशावर उभी केलेली गाडी डोंगर पेटवू शकते.

एका मुद्द्यावर अण्णा आणि मी अजून एकमत झालेलो नाही. त्यांचं म्हणणं, गाडी कलल्याबरोबर माणसं बाहेर, पट्टा नंतर, कारण भराव सरकायचा थांबला आहे याची खात्री कोणालाच नव्हती. माझं म्हणणं, चालक पहिला उतरला असता तर उजवीकडचं वजन गेलं असतं आणि दोन माणसं डावीकडे राहिली असती. म्हणून पट्टा आधी. त्यावर त्यांनी विचारलं, भराव हलतोय की नाही हे तू कशावरून ठरवलंस? मी दबलेल्या जागेच्या काठाच्या दोन्ही अंगांना एकेक काडी रोवायला सांगितली होती आणि एकाला फक्त त्या दोन काड्यांमधलं अंतर बघत बसवलं होतं. ते वाढलं नाही. वाढलं असतं तर मीही पट्ट्याची वाट पाहिली नसती. अण्णांना हे उत्तर अर्धवट वाटतं. काड्या रोवेपर्यंतचं मिनिट कोणाच्या हिशेबात धरायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.